जवळचा फटका

आमच्या सांगलीच्या वाड्याच्या अंगणांत गेल्या दोन वर्षांत जें जें फुटलें, त्याची यादी वहिनींनीं जिन्याखालच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेविली आहे. कुंड्या तीन. कंदिलाची कांच एक. लोणच्याची बरणी एक (ती रिकामी होती, परंतु ही सवलत यादींत नमूद नाहीं). आणि सर्वांत खालीं, दोन रेघा मारून, तुळशीवृंदावनाचा कोपरा. या सर्व अपराधांचा धनी मी. साठी उलटलेला, गणिताचा निवृत्त शिक्षक सकाळसंध्याकाळ लोखंडी पात्याची काठी घेऊन एका पांढऱ्या चेंडूवर ओणवा झालेला पाहून रस्त्यानें जाणारी माणसें दिंडीदरवाजापाशीं थबकतात, आणि आंतल्या नातवंडांना हळूच विचारतात, "आजोबांचं काय हरवलंय?"

हा खेळ गोल्फ. साहेबांचा, संस्थानिकांचा आणि अलीकडे मोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांचा खेळ अशी त्याच्याविषयीं आपणां पांढरपेशांची समजूत असते, आणि ती फारशी चुकीची नाहीं. हिंदुस्थानांत मात्र तो फार जुना आहे. कलकत्त्याचा क्लब 1829 सालचा आणि मुंबईचा 1842 सालचा. म्हणजे विष्णुदास भाव्यांनीं याच सांगलींत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिलें, त्याच्या एक वर्ष आधींचा. इतक्या वर्षांत तो आमच्या वाड्यापर्यंत कांहीं पोंचला नव्हता, आणि माझ्यामुळें पुरता पोंचला असेंही मी म्हणत नाहीं. अठरा खळग्यांचें मैदान अंगणांत मावत नाहीं. मावतो तो या खेळाचा शेवटचा तुकडा, आणि मला लिहावयाचें आहे तें त्या तुकड्याविषयींच.

निवृत्त झालों त्या वर्षीं हिंवाळ्यापुरता पुण्यास मुलाकडे राहावयास गेलों होतों. त्याचा एक स्नेही येरवड्याच्या गोल्फ-मैदानावर खेळणारा. "काका, नुसते फिरायला चला," म्हणून त्यानें मला नेलें, आणि तिसऱ्या खेपेस माझ्या हातांत काठी दिली. पहिले चार महिने मला एकच वेड होतें: लांबचा फटका. ड्रायव्हर नांवाची ती लांबलचक काठी फिरवावी, चेंडू टाळकन् वाजावा, आणि तो दूर झाडांच्या शेंड्यांवरून जातांना आपण डोळ्यांवर हात धरून पाहत राहावें, यासारखें सुख नाहीं. दहांत एखादाच चेंडू असा जाई. पण त्या एकाच्या आठवणीवर उरलेल्या नवांचें दुःख विसरतां येई.

पण मी पडलों गणिताचा शिक्षक. प्रत्येक फटका कोणत्या काठीनें, कोठून मारला, याची मीं वही ठेविली होती. एका रविवारीं तिची बेरीज केली. अठरा खळग्यांच्या एका फेरीस मला सरासरी 121 फटके लागत होते. त्यांत ज्या लांब फटक्यापायीं माझी कंबर धरली होती, ते फक्त 14. आणि हिरवळीपासून पन्नास पावलांच्या आंत येऊन पोंचल्यावर खर्च झालेले फटके 70! वास्तविक हें मला आधींच उमगावयास हवें होतें. ज्या मैदानाचा बांधीव हिशेब 72 फटक्यांचा, तेथें प्रत्येक हिरवळीवर दोन याप्रमाणें 36 फटके केवळ चेंडू जमिनीवरून खळगीकडे ढकलण्यासाठीं धरलेले असतात. निम्मा खेळ उंबरठ्याशीं आल्यानंतरचा असतो, आणि मी सगळा जीव वेशीबाहेर खर्च करीत होतों.

हीच गोष्ट तेथल्या एका वृद्ध कॅडीनें मला बेरजेशिवाय सांगितली होती. माझा चेंडू हिरवळीपासून दहा पावलांवर पडला होता. मीं तो एका फटक्यांत पलीकडच्या झुडपांत घालविला आणि दुसऱ्यांत परत अलीकडे आणिला. पिशवी खांद्यावर सांवरीत तो म्हणाला, "साहेब, गाव आलं की बैलगाडी हळू करतात. तुम्ही वेशीत शिरल्यावर चाबूक काढता."

त्याच्याकडूनच मी जवळचा फटका शिकलों. या फटक्याचीं मुख्य रूपें तीन: चेंडू उंच उडवून टाकणें तो पिच, थोडासा उडवून बाकी वाट घरंगळत नेणें तो चिप, आणि हिरवळीवर जमिनीलगत ढकलणें तो पट. तिन्हींचें लक्ष्य एकच, सव्वाचार इंच व्यासाची खळगी. गोट्या खेळतांना आपण अंगठ्यानें फिरवून करीत असूं तिची थोरली बहीण.

यांतली पहिली खोड मोडावी लागते ती चेंडू उचलण्याची. नवशिक्यास वाटतें कीं, चेंडू वर जावयाचा तर आपण त्याला खालून उचललें पाहिजे. म्हणून तो मनगट मोडतो, अंग मागें झुकवितो, आणि पातें एक तर चेंडूच्या आधीं मातींत रुततें किंवा चेंडूच्या डोक्यावर आदळतें. पहिल्या प्रकारांत चेंडू चार बोटें सरकतो; दुसऱ्यांत तो कुंडी फोडतो. खरें पाहतां उचलण्याचें काम आपलें नव्हेच. पात्याला जो तिरपा कल दिलेला असतो, तोच चेंडूला उचलतो. आपण पाय जवळ घेऊन उभें राहावें, अंगाचा भार खळगीकडच्या पायावर ठेवावा, चेंडू मागल्या पायाच्या रेषेंत घ्यावा, हात चेंडूच्या किंचित् पुढें असूं द्यावे, आणि मनगट न मोडतां काठी खालच्या दिशेनें जाऊं द्यावी. चेंडू वर जावा म्हणून काठी खालीं जाऊं द्यावयाची, हें बुद्धीला एका मिनिटांत पटतें आणि हाताला पटावयास सहा महिने लागतात.

दुसरी खोड हात आखडण्याची. जवळच्या फटक्यांत अंतर जोरानें ठरवावयाचें नसतें, झोक्यानें ठरवावयाचें असतें. माजघरांतला झोपाळा थोडा मागें ओढून सोडला तर थोडा पुढें जातो, अधिक ओढला तर अधिक जातो. मधेंच कोणी त्याला ढकलत नाहीं कीं थोपवीत नाहीं. काठीचेंही तसेंच. परंतु भीति वाटली म्हणजे माणूस मागें मोठा झोका घेतो, आणि चेंडूपाशीं येतां येतां 'हा फार लांब जाईल' या धास्तीनें हात आंवळून धरतो. माझे निम्मे फटके त्या धास्तीनें खाल्ले आहेत. उपाय एवढाच कीं, झोका आधींच लहान घ्यावा आणि मग तो निःशंकपणें पुरा होऊं द्यावा.

तिसरी गोष्ट शहाणपणाची आहे. वाट मोकळी असेल तर चेंडू शक्य तितक्या लवकर जमिनीवर आणावा. हवेंतल्या चेंडूचा नेम चुकला तर पुरता चुकतो. घरंगळणाऱ्याचा थोडक्यांत चुकतो. दूरचित्रवाणीवर मोठे खेळाडू चेंडू आभाळांत उडवून खळगीशेजारीं थबकवितात तें पाहून आपण तसें करूं नये. आणि पटच्या वेळीं आधीं अंतराचा विचार करावा, मग दिशेचा. तीस फुटांवरून दिशा चुकली तर चेंडू फूट-दोन फूट बाजूला राहतो. अंतर चुकलें तर सहा-आठ फूट. डोकें मात्र हलवूं नये. चेंडू निघून गेल्यावरही नजर तो जेथें होता त्या जागीं ठेवावी, आणि तो पडला कीं नाहीं हें डोळ्यांनीं न पाहतां कानांनीं ऐकावें.

येथें कोणी जाणता वाचक मला अडवील. मार्क ब्रॉडी नांवाच्या अमेरिकन प्राध्यापकानें धंदेवाईक खेळाडूंच्या असंख्य फटक्यांचा हिशेब करून 2014 सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें असें दाखविलें कीं, उत्तम आणि मध्यम खेळाडूंमध्यें जो फरक पडतो, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांचा असतो. म्हणजे 'जवळच्या फटक्यांत सर्व कांहीं' ही जुनी म्हण तितकीशी खरी नाहीं. त्याचें गणित मीं तपासून पाहिलें. तें बिनचूक आहे. परंतु तो हिशेब ज्यांच्या खांद्यांत अजून बळ वाढावयाचें आहे त्यांचा. चौसष्टाव्या वर्षीं माझा लांबचा फटका वाढणार नाहीं. दरसाल चार पावलें कमीच होईल. वाढण्याजोगें माझ्याजवळ उरलें आहे तें जवळचेंच.

शिवाय क्वचित् कां होईना, जवळच्यानें लांबच्याला हरविल्याचीं उदाहरणें आहेत, आणि तीं मला सालवार पाठ आहेत. 1938 सालीं अमेरिकेंतील धंदेवाईकांच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत सॅम स्नीड हा पट्टीचा लांब मारणारा एका बाजूस, आणि पॉल रनयन हा लहानखुरा गृहस्थ दुसऱ्या बाजूस. स्नीडचा चेंडू दर वेळीं रनयनच्या कितीतरी पुढें पडे. सामना 36 खळग्यांचा. रनयननें तो 7 खळग्या शिल्लक असतांनाच 8 नीं जिंकला! आणि 2021 च्या टोकियो येथील ऑलिंपिकमध्यें आपली अदिती अशोक. त्याच वर्षीं कोविडनें आजारी पडल्यामुळें तिच्या फटक्याचा पल्ला घटला होता. त्या मेळाव्यांत लांबीच्या बाबतींत ती जवळजवळ सर्वांच्या मागें होती. तरी केवळ हिरवळीवरच्या हातावर ती चौथी आली, आणि पदक एका फटक्यानें हुकलें. त्या शनिवारीं सकाळीं आमचें सगळें घर, गोल्फ म्हणजे काय हें ठाऊक नसतांना, माझ्याबरोबर श्वास रोखून बसलें होतें. 'बिचारीचा एकच राहिला,' असें आत्याबाई दोन दिवस म्हणत होत्या.

पुढल्या, म्हणजे 2022 च्या पावसाळ्यांत अण्णांना, माझ्या वडील बंधूंना, पक्षाघाताचा झटका आला आणि मी पुण्याचें बिऱ्हाड आवरून सांगलीस परतलों.

अण्णांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तरुणपणीं कृष्णेला पूर आला म्हणजे आयर्विन पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांत ते पुढें असत. 2019 च्या महापुरांत, सत्तरीच्या घरांत असतांना, वाडा सोडावयास त्यांनीं साफ नकार दिला होता. अशा माणसाचा उजवा हात आणि पाय एका रात्रींत परका झाला. वाचा चार-सहा आठवड्यांत सुधारली. पण त्यांनीं ती वापरली नाहीं. व्यायाम शिकवावयास येणाऱ्या ताई त्यांना मऊ चेंडू दाबावयास सांगत, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावावयास सांगत. "मी बालवाडींतला नाहीं," एवढें म्हणून ते भिंतीकडे तोंड करीत.

माझ्याशीं त्यांचें बोलणें तर त्यापूर्वींच आटलें होतें. हरिपूरला आमची वडिलोपार्जित जमीन होती आणि तींत हळदीचीं पेवें. ज्यांनीं तीं पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं सांगतों: जमिनींत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षें निर्धास्त राहत असे. 2005 च्या पुरांत त्यांत पाणी शिरलें. पुढें जमीन विकावी असा मीं हट्ट धरला. ठेवावी असा अण्णांचा. 2016 सालीं ती विकली गेली. हिशेब चोख झाला, भांडण म्हणून कांहीं झालें नाहीं. फक्त तेव्हांपासून आम्ही दोघे भाऊ 'जेवण झालें का' आणि 'औषध घेतलें का' यापलीकडे गेलों नव्हतों.

असो. मला घरांत सुचेना, म्हणून पुण्याहून आणिलेल्या दोन काठ्या आणि पंचवीस चेंडू घेऊन मी अंगणांत सराव करूं लागलों. चिपसाठीं विहिरीच्या कठड्याजवळ पायपोस अंथरून त्यावर चेंडू ठेवीत असें आणि पंधरा पावलांवर मांडलेल्या सुपांत टाकीत असें. पटसाठीं ओसरीवर सतरंजी अंथरून तिच्या टोकाला आमटीची वाटी आडवी करीत असें. अण्णांचा पलंग ओसरीवरच होता. ते पाहत आहेत कीं नाहींत हें मी पाहत नसें.

मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं पंचविसांपैकीं दोनच चेंडू सुपांत पडले. एक कंदिलाला लागला, तो यादींत आहे. मी कपाळावरचा घाम पुसत उभा असतांना पलंगावरून आवाज आला, "तूं मान वर करतोस."

मीं वळून पाहिलें.

"चेंडू मारायच्या आधींच तूं सुपाकडे बघतोस. महिनाभर बघतोय. पंचविसांत वीसदां."

मीं मान खालीं ठेवून दहा चेंडू मारले. सहा सुपांत गेले. दर वेळीं मारण्यापूर्वीं अण्णा "मान" म्हणत होते, आणि शेवटीं शेवटीं तर पलंगावर उठून बसून म्हणत होते.

त्या दिवसापासून ते माझे गुरु झाले. महिनाभर स्वस्थ पडून पाहणाऱ्या माणसाला जें दिसतें, तें पैसे घेऊन तासभर शिकविणाऱ्याला दिसत नाहीं. माझा डावा खांदा केव्हां वर चढतो, श्वास केव्हां अडकतो, वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत आल्या म्हणजे माझा झोका कसा आखूड होतो, सर्व त्यांनीं टिपलें होतें. त्यांना नंदू नाटेकरांचें भारी कौतुक. नाटेकर 1933 सालीं आमच्या सांगलींत जन्मले. 1956 सालीं क्वालालंपूरला बॅडमिंटनची स्पर्धा जिंकून परदेशांत असें यश मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. अण्णा म्हणत, "नाटेकरांना फूल मारायची गरजच नव्हती. जाळ्यावरून नुसतं पलीकडे ठेवायचे. तूं ठेवायला शीक." दुसऱ्या एका दिवशीं त्यांनीं मिरजेचा दाखला दिला. तेथील कारागीर भोपळा कोरतात, दांडी जोडतात, त्या मेहनतीला महिने लागतात. पण तंबोरा बोलूं लागतो तो शेवटीं, घोडीवर अगदीं हलक्या हातानें कानस फिरवून जवारी काढली म्हणजे. तेथें एक घास अधिक गेला तर सगळें पुन्हां करावें लागतें. "त्या वेळीं कारागीर श्वास कसा घेतो तें एकदां जाऊन बघ," ते म्हणाले.

पौषांत एका संध्याकाळीं मीं पटर त्यांच्या पलंगाला टेकून ठेविला आणि कांहीं न बोलतां आंत गेलों. परत आलों तेव्हां ते ओसरीच्या खांबाला डावा खांदा टेकून उभे होते. काठी दोन्ही हातांत होती. उजवा हात नुसता डाव्यावर ठेवलेला. वहिनी मागें पदर तोंडाशीं धरून उभ्या. चेंडू सतरंजीवरून हातभर गेला आणि थांबला. "आखडला," अण्णा म्हणाले, आणि दुसरा मागितला. त्या संध्याकाळीं त्यांनीं चाळीस चेंडू ढकलले. एकही वाटीपर्यंत गेला नाहीं. ताईंना मीं दुसऱ्या दिवशीं सर्व सांगितलें. त्यांनीं कोणी तरी मागें उभें राहावें अशी अट घातली, काठीला सुती पट्टी गुंडाळून मूठ जाड करून दिली, आणि चिमट्यांचा व्यायामही सोडावयाचा नाहीं अशी तंबी दिली. ती त्यांनीं या वेळीं ऐकली.

गोल्फनें पक्षाघात बरा होतो असें यावरून कोणी समजूं नये. अण्णांच्या सदऱ्याचें वरचें बटण अजून वहिनीच लावतात, आणि पाय अजून ओढत पडतो. पण जवळच्या फटक्याला अंगांत जोर लागत नाहीं, हें मीं जें वहींतून शिकलों होतों, तें त्यांच्या उजव्या हाताला माझ्याहून लवकर कळलें. त्याच्यापाशीं आखडण्याइतकीही ताकद नव्हती. माझ्या झोक्यापेक्षां त्यांचा झोका आज अधिक सरळ आहे. हें मीं त्यांना सांगितलेलें नाहीं.

गेल्या वर्षीं दिवाळीनंतर नदीचें पाणी ओसरल्यावर आम्ही रिक्षानें सरकारी घाटावर गेलों. मला वाळूंतला फटका शिकावयाचा होता. स्पेनचा सेव्हे बालेस्तेरोस लहानपणीं समुद्राच्या पुळणीवर एकाच काठीनें खेळून शिकला आणि 1979 सालीं त्यानें इंग्लंडांतली ओपन स्पर्धा जिंकली, हें वाचल्यापासून कृष्णेच्या वाळूवर माझा डोळा होता. या फटक्यांत गंमत अशी कीं, चेंडूला मारावयाचेंच नसतें. पातें किंचित् उघडें धरून चेंडूच्या दोन बोटें मागें वाळूंत घालावयाचें आणि थांबावयाचें नाहीं. वाळूच चेंडूला उचलून बाहेर ठेवते. मीं पंधरा-वीस वेळां नुसती वाळू उडविली. अण्णा पायरीवर बसून पाहत होते. मग नदीकडे बघत, मला उद्देशून कीं नाहीं कळेना अशा आवाजांत म्हणाले, "जमीन गेली तें बरंच झालं असेल. पण पोरांना एकदां पेवं दाखवायला हवी होती."

मीं म्हटलें, "अण्णा, उरलेलीं कोणाचीं तरी असतील. चला, या रविवारीं जाऊं."

"आधीं तो चेंडू बाहेर काढ," ते म्हणाले.

रविवारीं आम्ही हरिपूरला गेलों; नातवंडांनीं पेवांपेक्षां चिंचा अधिक पाहिल्या. त्या सोमवारीं मी अंगणांतून आलों तों जिन्याखालच्या यादींत एक नवी ओळ होती. अक्षर वहिनींचें नव्हतें. मोठें, वांकडें, उतरणीवरून घरंगळल्यासारखें होतें. 'ट' अर्ध्यावर सुटला होता. 'आमटीची वाटी एक,' असें लिहिलें होतें, 'पोचली. माझ्याकडून.'